अनेकांतची लाइन

त्या रविवारी सकाळी प्रसेनजीतनं घरच्या फोनचा रिसीव्हर उचलला तो मुरगूडला आईशी बोलायला, आणि डायल टोन यायच्या आधीच त्याच्या कानात अनेकांतचा आवाज आला. "त्याला अजून काय बी कळलेलं न्हाय. आणि कळू द्यायचं बी न्हाय." पलीकडं कुणीतरी हसलं, किंवा खोकलं, मग खरखर झाली आणि नेहमीचा डायल टोन लांबलचक वाजत राहिला. प्रसेनजीत रिसीव्हर कानाला लावून तसाच उभा राहिला. स्वयंपाकघरात प्रीती भाकरी थापत होती. तो आवाज एकाएकी फार जवळून यायला लागला. त्यानं रिसीव्हर खाली ठेवला, पुन्हा उचलला. डायल टोन. खरं तर यात चक्रावून जाण्यासारखं काही नव्हतं. तो स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इंजिनिअर होता. पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलच्या जोडात पाणी शिरतं आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जातं, हे त्यानं तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी लोकांना हसत हसत समजावलं होतं. टेंबलाईवाडीतल्या त्याच्या घराची तार आणि उचगावातल्या अनेकांतच्या घराची तार एकाच केबलमधून जात होती. क्रॉस लागला होता, एवढंच. आईला फोन लागला, तिच्या गुडघ्यांचं झालं, पावसाचं झालं, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की आई काय बोलली यातलं आपल्याला एक अक्षरही आठवत नाही. त्याला म्हणजे कुणाला? हा प्रश्न त्यानं विचारला नव्हता. तो आपोआप आला होता आणि खुर्ची ओढून बसला होता.

एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली त्या पहिल्या दिवशी वरिष्ठांनी त्याला एका लांबट खोलीत नेलं होतं. तिथं छताला टेकेल एवढी उंच लोखंडी चौकट होती आणि तिच्यावर हजारो तारांच्या जोड्या येऊन मिळत होत्या; गावातल्या प्रत्येक फोनची एक जोडी. प्रसेनजीत तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. अख्खं कोल्हापूर इथं येऊन उभं राहतंय, असं त्याच्या मनात आलं होतं, आणि देवळात जाण्याची घरात रीत नसलेल्या त्या मुलानं नकळत पायातल्या चपलांकडं पाहिलं होतं. संध्याकाळी हे सगळं तो ज्याला सांगायला धावला तो अनेकांत. पॉलिटेक्निकच्या हॉस्टेलमध्ये दोघं तीन वर्षं एका खोलीत राहिले होते. अनेकांतनं पुढं डिप्लोमा गुंडाळून ठेवला आणि उचगावात घराच्या पुढच्या खोलीत बियाण्यांचं दुकान काढलं, पण त्या दोघांचं जाणं-येणं काही थांबलं नाही. पहिल्यांदा अनेकांतच्या घरी गेला तेव्हाचं प्रसेनजीतला लख्ख आठवत होतं. ऊन अजून भिंतीवर होतं, आणि अनेकांतची आई सीताबाई, घरात सगळ्यांची अव्वा, सारखी घाई करत होती, "बसा रं, जेवून घ्या, बसा बिगीबिगी." त्याला वाटलं, आपण लवकर जावं म्हणून ही घाई चाललीय. तो भरभर घास गिळायला लागला. तेव्हा अनेकांतच म्हणाला, "आमच्या जैनांत दिस मावळायच्या आत जेवत्यात मर्दा. तुला कोण हाकलत न्हाय. अव्वालाबी अजून जेवायचं हाय." मग सगळेच हसले. सीताबाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती.

आता गंमत अशी झाली, की त्या रविवारनंतर ही आठवण बदलायला लागली. आधी तिच्यात दोन सारखी ताटं होती, काठाला वेल कोरलेली स्टीलची. पंधरवड्यात प्रसेनजीतचं ताट हलक्या पत्र्याचं, जर्मनचं झालं. मग ते अनेकांतच्या ताटापासून जरा लांब सरकलं. मग सीताबाई वरून भाकरी टाकायला लागली. प्रत्येक वेळी आठवण इतकी स्वच्छ असायची, की ताटावरचा पोचासुद्धा दिसायचा. यातलं खरं कुठलं? प्रसेनजीतचे वडील बाळासो पाटबंधारे खात्यात शिपाई होते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, आणि बाळासोंनी पोराला वाचायला शिकवायच्या आधी बघायला शिकवलं होतं: हॉटेलात शिरताना कपबशा एकाच फळीवर आहेत का बघ, पाणी कुठून ओततात बघ, नाव सांगितल्यावर समोरच्याचे डोळे कुठं जातात बघ. तेव्हा संशय घ्यायला प्रसेनजीतला कुणी नव्यानं शिकवायची गरज नव्हती. पण वडिलांचा संशय उघड्या डोळ्यांचा होता. हा डोळे मिटले की जास्त दिसायला लागायचा. अनेकांतनं दिलेले पेरू तो घरी न नेता वाटेत टाकून द्यायला लागला. दुकानासमोरून जाताना आतल्या गिऱ्हाइकांचं बोलणं आपल्याला बघून थांबतं असं त्याच्या लक्षात आलं, आणि एकदा लक्षात आल्यावर ते रोजच थांबायला लागलं. छातीत धडधडायचं, तळहात ओले व्हायचे, जेवण समोर आलं की मळमळायचं. प्रीती विचारायची, "अहो, काय होतंय तुम्हाला?" तो म्हणायचा, "ॲसिडिटी." दोन महिने तो उचगावला फिरकला नाही.

आणि मग एके दुपारी तो त्या लांबट खोलीत गेला. लाइन चालू आहे का हे बघायला त्यांच्याकडं एक टेस्टचा फोन असायचा. दोन चिमटे तारांच्या जोडीला लावले, की त्या लाइनवरचं बोलणं ऐकू यायचं. अनेकांतची जोडी कुठली ते त्याला पाठ होतं, ती त्यानंच एकेकाळी स्वतःच्या हातानं जोडली होती. कुणाच्याही खासगी बोलण्याला कान लावायचा नाही, हा या खोलीतला पहिला नियम. तो नियम प्रसेनजीतनं इतकी वर्षं पाळला होता, नव्या पोरांना दरडावून शिकवला होता. चिमटे त्यानं एका झटक्यात लावले. आपलं नाव एकदा ऐकायचं, की सुटलो, असा त्याचा हिशेब होता. त्या दुपारी, आणि मग कितीतरी दुपारी, तो आपल्या नावाची वाट बघत उभा राहिला.

काय काय ऐकलं त्यानं! भुईमुगाचं बी उगवलं नाही म्हणून शिव्या देणारा कुणी केरबा, आणि त्याला "मामा, मी येतो बघायला, आधी पाणी प्या," म्हणणारा अनेकांत. रिसीव्हर बाजूला ठेवून पुडे शोधताना स्वतःशीच गुणगुणणारा अनेकांत. एवढ्या वर्षांत प्रसेनजीतला माहीत नव्हतं, की तो गुणगुणतो. बहिऱ्या होत चाललेल्या आत्याला एकच गोष्ट चार वेळा, दर वेळी तेवढ्याच शांतपणे सांगणारा अनेकांत. इचलकरंजीला दिलेली त्याची बहीण ऐश्वर्या एकदा फोनवर आधी नुसतीच रडली. बराच वेळ. मग तिनं पहिल्यांदाच सांगितलं, की नवरा हात उचलतो. अनेकांत एवढंच म्हणाला, "बॅग भर आणि ये. कुणाला इचारू नगं. ये." मग त्यानं फोन ठेवला नाही, तार उघडी होती, आणि प्रसेनजीतला त्याचा श्वास ऐकू येत राहिला. या सगळ्यात प्रसेनजीतचं नाव कुठंच नव्हतं. एवढं मोठं आयुष्य, बी-बियाणं, आत्या, पाऊस, रडणारी बहीण, आणि त्यात आपण कुठंच नाही. कुणी शहाणा माणूस असता तर तिथं हलका होऊन घरी गेला असता. प्रसेनजीतच्या डोक्यात मात्र थंडपणे एक ओळ उमटली: तो आपलं नाव घेत नाही, कारण आपण ऐकतोय हे त्याला ठाऊक आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात अनेकांतनं जो नंबर फिरवला तो प्रसेनजीतच्या घरचा होता. टेस्टचा फोन कानाला लावून प्रसेनजीतनं आपल्या घरची घंटी वाजताना ऐकली. प्रीतीनं उचलला. "वहिनी, प्रसू कसा हाय? तीन महिनं झालं, आला न्हाय. मी आलतो तर दार उघडलं न्हाय त्यानं. माझं काय चुकलं काय?" प्रीती म्हणाली, "मला काही कळत नाही भाऊजी. ते जेवत नाहीत. माझ्याकडं असं बघतात, जसं मी कुणी वेगळीच आहे." आणि ती रडायला लागली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. प्रीती अशी हुंदके देऊन रडलेली त्यानं कधी ऐकली नव्हती. आणि ते ऐकताना प्रसेनजीतच्या मनात आलं: किती छान नाटक बसवलंय दोघांनी.

तो विचार आला आणि गेला नाही. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि प्रसेनजीतला त्याच्याकडं बघावं लागलं. नाव घेतलं नाही तो पुरावा होता. आता नाव घेतलं, काळजीनं घेतलं, तर तोही पुरावा. म्हणजे असं काय घडलं असतं, की जे पुरावा ठरलं नसतं? त्यानं शोधलं, खरोखरच शोधलं, भिंतीला हात टेकून, आणि त्याला एकही गोष्ट सापडली नाही. अनेकांत मेला असता तरी तो डाव ठरला असता. भीती होतीच, पण भीतीहून मोठं काहीतरी होतं. कोकणात उतरताना घाटाच्या टोकाला उभं राहून खाली बघावं आणि खोलीचा अंदाजच येऊ नये, तसं काहीतरी. हे सगळं आपण बांधलं. विटा कुठून आणल्या, गवंडी कोण होता, काही पत्ता नाही. पण एका अर्ध्या वाक्यावर आपल्या डोक्यानं अख्खं गाव वसवलं, त्यात माणसं चालती-बोलती केली, जुन्या ताटांना पोचे पाडले, आणि आपल्याला कानोकान खबर लागू दिली नाही. चौकटीवरच्या हजारो तारा त्याच्या समोर होत्या. याहून जास्त तारा आपल्या कवटीत असतील, असं त्याला वाटलं, आणि त्यांची जोडणी करणारा आपण नाही. त्यानं चिमटे काढले. घरी जाऊन प्रीतीला म्हणाला, "मला दवाखान्यात ने." ती म्हणाली, "कुठल्या?" तो म्हणाला, "तुला माहीत आहे कुठल्या." तिला माहीत होतं. तिनं पत्ता केव्हाच काढून ठेवला होता, फक्त बोलायचा धीर झाला नव्हता.

दवाखाना राजारामपुरीत एका भांड्यांच्या दुकानावर होता. पाटीवर डॉ. वत्सला हुपरीकर आणि खाली मनोविकारतज्ज्ञ असं लिहिलं होतं. तो शब्द वाचताना प्रसेनजीतला सगळा रस्ता आपल्या पाठीकडं बघतोय असं वाटलं. प्रीती म्हणाली, "कुणी बघत नाही. चला." जिन्यात भांड्यांचा खणखणाट वर येत होता. बाकावर शेजारी एक म्हातारी बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. तिनं प्रसेनजीतला वर-खाली न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पावणं, तुमाला काय हुतंय?"

"झोप येत नाही," तो म्हणाला.

"मला बी येत नव्हती," म्हातारी म्हणाली. "माझं नाव झुंबरबाई. म्या वारणेकडची. माझा सासरा मरून वीस वर्सं झाली, आणि त्यो रोज सांजचं मला हाक मारायचा. च्या टाक म्हणायचा. म्या टाकायची बी. पोरगा म्हणाला, आई, खुळी झालीस काय. आता हितली गोळी घेतीया. हाक न्हाय येत." तिनं पिशवीचे बंद आवळले. "जरा चुकल्यावानी वाटतंय, पर न्हाय येत." आत बोलावणं आलं तशी ती उठली आणि जाता जाता म्हणाली, "बाई चांगली हाय. खोटं बोलू नगा तिच्यासंगं."

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, जाड भिंगांचा चष्मा, आवाज बसका. प्रीतीला त्यांनी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. प्रसेनजीतनं सुरुवात केबलच्या जोडात शिरणाऱ्या पाण्यापासून केली, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की आपण लाइन कशी तपासतात तेच सांगत बसलोय. बाईंनी थांबवलं नाही. तो आपोआप वाटेवर आला. टेस्टचा फोन, ऐश्वर्याचं रडणं, ताटं, वडिलांनी बघायला शिकवलेल्या कपबशा, सगळं. "किती छान नाटक बसवलंय" हे सांगताना त्याचा आवाज फाटला.

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "बायको रडताना तुम्हाला जे वाटलं, ते कुणी ऐकलं?"

"मीच."

"ऐकून घाबरला कोण?"

"मीच."

"म्हणजे घाबरणारा अजून शिल्लक आहे. मला त्याच्याशीच बोलायचंय. माझ्याकडं येतात त्यांतल्या पुष्कळांचा तो उरलेला नसतो, मग फार वेळ लागतो."

मग ज्यासाठी प्रसेनजीत जिना चढताना कचरला होता ते त्यानं बोलून टाकलं. "मॅडम, एक सांगू? तुम्हाला कदाचित कळणार नाही. आमच्या लोकांना संशय घ्यावाच लागतो. माझ्या वडिलांनी संशय घेतला म्हणून ते टिकले. तुम्ही म्हणाल हा आजार. पण उद्या खरंच कुणी माझं ताट बाजूला ठेवलं, तर मला कळायचं कसं? गोळी घेऊन मी आंधळा झालो तर?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं, आणि ते प्रसेनजीतला आवडलं. खाली कुणीतरी पितळी घागर वाजवून बघत होतं. "मला सगळं कळेल असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या वडिलांचा संशय तर मी काढून घेणार नाही. तो त्यांच्या उपयोगाचा होता. मला एवढंच सांगा, हॉटेलात शिरल्यावर कपबशा एकाच फळीवर दिसल्या, तर वडील काय करायचे?"

"बसायचे. चहा प्यायचे."

"आणि तुम्ही?"

प्रसेनजीतला उत्तर ठाऊक होतं. तो कुठंतरी लपवलेली दुसरी फळी शोधत बसला असता. त्यानं मान हलवली, आणि मग एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तो रडला. डॉक्टरबाई खिडकीबाहेर बघत बसल्या, जसं काही त्यांनाही जरा विश्रांती हवी होती.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. गोळीनं तोंडाला कोरड पडायची, सकाळी अंग शिशासारखं जड व्हायचं, ऑफिसात दोनदा त्याला बसल्या जागी डुलकी लागली. विचार आला की 'हा नुसता क्रॉस लागलाय' असं स्वतःला सांगून बघण्याची युक्ती त्यानं काढली. तिचा काडीचाही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो गोळीचा, आणि दर आठवड्याला त्या बसक्या आवाजासमोर जाऊन बसण्याचा, आणि प्रीतीचा. ती त्याला समजावत नसे, नुसती शेजारी बसून वाटाणे सोलत असे. हळूहळू धडधड उशिरा यायला लागली, आली तरी लवकर जायला लागली. एके सकाळी बागेच्या कडेनं चालताना त्याला रस्त्यावरचे लोक दिसले. इतके दिवस त्याला फक्त चेहरे दिसत होते, आपल्याकडं वळणारे किंवा मुद्दाम न वळणारे. आज सायकलवर दुधाच्या किटल्या दिसल्या, कुणाच्या तरी पायातली तुटकी चप्पल दिसली, भांडत चाललेल्या दोन बायका दिसल्या, आणि त्यातल्या कुणालाही प्रसेनजीतशी काही देणं-घेणं नव्हतं. तो बागेच्या कठड्यावर बसून त्यांच्याकडं बघत राहिला. एवढं सगळं त्याच्याशिवाय चाललं होतं! लहानपणी पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा तो असाच गप्प झाला होता.

ताट मात्र पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही. कधी स्टीलचं दिसायचं, कधी जर्मनचं. बाई म्हणाल्या, "राहू दे. दोन्ही राहू दे." फोनबद्दल अनेकांतला सांगावं का, असं त्यानं विचारलं, तर म्हणाल्या, "ते मी ठरवणार नाही. पण सांगितलंत तर माफ करून घ्यायला सांगू नका. नुसतं सांगा."

म्हणून पौष महिन्यात एका दुपारी तो उचगावला गेला. दुकानात कुणी नव्हतं. अनेकांत त्याला बघून उठला, दोन पावलं पुढं आला आणि थांबला. "ये की," तो म्हणाला. "वाळलास लई." प्रसेनजीत खताच्या पोत्यावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. सांगताना त्यानं ते पहिलं वाक्यही सांगितलं. अनेकांतनं कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणलो आसंन. कुणाबद्दल म्हणलो, आता कुठलं आठवतंय? दिसाला धा जणांचं धा इषय असत्यात." मग त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हणजे तू माझा फोन ऐकलास. समदा?"

"व्हय."

"ऐश्वर्याचं बी?"

प्रसेनजीतनं मान खाली घातली. "व्हय."

आतल्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज आला. ऐश्वर्या आता तिथंच राहत होती. अनेकांतनं आत बघितलं, दार लोटून घेतलं आणि परत येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "माझं ऐकलास ते ऐकलास. तू येडा झालतास, मी समजतो. पर तिनं ते मलाबी सांगितलं न्हवतं कधी. त्या एका येळंला सांगितलं. आणि तू तिथं हुतास." त्यानं रस्त्याकडं बोट केलं. "ऊठ. जा घरला." प्रसेनजीत उठला. बसथांब्यापर्यंत चालताना त्याला जाणवलं, की मैत्री बहुधा संपली, आणि हे दुःख आहे. साधं, भरीव, बाहेरच्या जगातलं दुःख. त्याच्यामागं कुठला डाव नव्हता. रडू येत असतानाही त्याला त्या दुःखाचं अपार नवल वाटत होतं.

नंतर अनेकांत आला नाही, फोनही आला नाही. प्रसेनजीतनं वाट बघितली आणि मग वाट बघणं सोडायला शिकला. त्यानं लाइन तपासायचं काम स्वतःहून सोडलं आणि वरच्या मजल्यावर बिघाडांच्या तक्रारी ऐकायच्या टेबलावर बसायला लागला. थंडी सरत आली असताना एका रविवारी खाली मोपेडचा आवाज आला. अनेकांत वर आला नाही, खालूनच ओरडला, "आमच्या आप्पाचं गुऱ्हाळ सुरू हाय. चल बस."

अनेकांत वाटभर मोपेड दामटत राहिला. उचगावच्या अलीकडं मोपेड थांबवून, मान न वळवता म्हणाला, "तुझ्या डॉक्टरणीकडं गेलतो मी."

प्रसेनजीतनं विचारलं, "कशाला?"

"तुझं इचारायला. तर म्हणाली, पेशंटचं मी दुसऱ्याला सांगत न्हाय, निघा. मी बसूनच ऱ्हायलो. मग माझंच बोलाय लागलो. ऐश्वर्याचं, आप्पाचं, तुझं. तासभर बोललो असंन मर्दा. असं मी कुणाजवळ बोललो न्हवतो." त्यानं किक मारली, मोपेड चालू झाली नाही. "लई राग आलता तुझा. अजून हाय. तिनं काय तो घालवला न्हाय. म्हणाली, राग हाय तर असू दे, पर एकटा घिऊन बसू नगा." दुसऱ्या किकला मोपेड चालू झाली.

गुऱ्हाळ शेताच्या कडेला होतं. चुलाणात वाळलेली चिपाडं भडभडून जळत होती आणि वर मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत होता, तळ्याएवढा, तांबूस, फेसाचे डोंगर वर येत होते आणि फुटत होते. प्रसेनजीतनं गुऱ्हाळं आयुष्यभर बघितली होती. पण आज त्या वासानंच त्याला जागच्या जागी धरून ठेवलं. गोड, धुरकट, जडशीळ. गोळ्यांमुळं महिनोन्‌महिने त्याला वासच आला नव्हता. त्याला बाजेवर बसवून, हातात पानावर गरम काकवी देऊन अनेकांत काहिलीच्या पलीकडं गेला. तिथं अण्णाप्पा उभे होते, अनेकांतचे वडील, त्याचे आप्पा, काठीसारखे सरळ, कानांनी अधू. वाफेतून दोघांचे आकार कधी दिसत, कधी पुसले जात. अनेकांतनं वाकून वडिलांच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. म्हाताऱ्यानं वळून थेट प्रसेनजीतकडं बघितलं. आणि मग दोघंही हसले.

छातीत धडकन आवाज झाला. तळहात ओले झाले. काय सांगितलं? सगळं सगळं त्याच्या जुन्या जोमानिशी वर आलं, एकही पायरी न चुकता. प्रसेनजीतनं बाजेची कड धरली. तो पळाला नाही आणि त्यानं स्वतःला काही समजावलंही नाही. समोर बघत राहिला. पांढऱ्या वाफेत एकमेकांजवळ आणलेली दोन डोकी, एक काळं, एक पांढरं. त्या दोन डोक्यांत काय काय असेल! किती उन्हाळे, किती पिकं, घरी परत आलेली लेक, न सांगितलेल्या किती गोष्टी, आणि त्यातच कुठंतरी आत्ताचं हे हसणं. महिनाभर त्यानं त्यातल्या एकाला तार लावून ठेवली होती, आणि त्याला काय मिळालं होतं? माणूस एवढा मोठा असतो, आणि तो आपल्या शेजारी येऊन बसतो, आपल्याला मोपेडवर घेऊन येतो, रागासकट. प्रसेनजीतच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि या वेळी तो भीतीचा होता की दुसऱ्या कशाचा, हे त्याला वेगळं करता येईना.

"आरं, तिथं काय बसलाईस!" अण्णाप्पा बहिरी माणसं ओरडतात तसे ओरडले. "हिकडं ये की! हितनं बघ, कसा फुललाय!"

प्रसेनजीत उठला. धडधड चालूच होती. ती तशीच बरोबर घेऊन तो काहिलीला वळसा घालून पलीकडं गेला आणि त्या दोघांच्या मधल्या जागेत उभा राहिला.